साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी गेम निवडताना आधी तो थांबतो कसा ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. आई-वडील दोघेही नोकरी करतात, बोरिवलीहून चर्चगेटपर्यंत रोज ये-जा असल्यामुळे घरी पोहोचायला त्यांना साडेसात वाजतात, आणि दिवसभर मुलीला आजी-आजोबा सांभाळतात. घरात एक जुना अँड्रॉइड टॅबलेट आहे. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या दहा वर्षांच्या मावसभावाकडे प्लेस्टेशन आहे, तो खेळत असताना ही पाहत बसते आणि आता तिलाही 'गेम' हवा आहे. या वयाला कोणते व्हिडिओ गेम योग्य, शैक्षणिक गेमच द्यावेत का, आणि प्ले स्टोअरवर '३+' असे लिहिलेले पाहून निवड केली तर चालेल का, असे आईने विचारले आहे. माझे लक्ष मात्र त्यांच्या शेवटच्या वाक्याकडे अधिक गेले. टॅबलेट परत घेतला की मुलगी अर्धा तास रडते आणि आजी घाबरून तो पुन्हा तिच्या हातात देतात, असे त्यांनी लिहिले आहे.

मी मुंबईत लहान मुलांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे हातांची कामे, खेळ आणि रोजचे व्यवहार मुलांना जमावेत यासाठी मदत करणारी म्हणून, अनेक वर्षे काम करते आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा नावांच्या यादीची मागणी म्हणूनच येतो. नावे मी पुढे देणार आहे. परंतु यादी घेऊन घरी गेलेल्या पालकांची अडचण केवळ त्या यादीने सुटलेली मला दिसत नाही, कारण सुरू झालेला गेम रडारडीशिवाय बंद कसा व्हावा, ही त्यांची खरी अडचण असते. तुमचीही तीच आहे. म्हणून इतक्या लहान मुलासाठी गेम निवडताना मी सर्वांत आधी तो थांबतो कसा हे पाहते. त्यातील चित्रे किती सुंदर आहेत, तो किती अक्षरे शिकवतो आणि किती लाख लोकांनी तो डाउनलोड केला आहे, याचा विचार त्यानंतर करावा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. मूल दोन वर्षांहून लहान असते, तर गावच्या आजी-आजोबांशी किंवा परदेशातील मावशीशी व्हिडिओ कॉल एवढाच स्क्रीनचा उपयोग ठेवा, गेम देऊच नका, असे मी सांगितले असते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस तशीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले, असे म्हटले आहे. हा तास सर्व पडद्यांचा मिळून आहे. दुपारी जेवताना लावलेले कार्टून, आजोबांच्या मोबाइलवरचे व्हिडिओ आणि मावसभावाच्या शेजारी बसून पाहिलेले प्लेस्टेशन हे सगळे त्यातच मोजायचे. त्यामुळे गेमच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ उरत नाही, आणि या वयाला तेवढा वेळ पुरेसाही असतो. मुलीचा स्वभाव, तिची बोलण्याची तयारी, आजी-आजोबांना टॅबलेट कितपत हाताळता येतो आणि टॅबलेट किती जुना आहे, यांवर पुढचे तपशील बदलतील; पंधरा-वीस मिनिटांची मर्यादा मात्र मी बदलणार नाही.

आता '३+' या शिक्क्याविषयी. तो पाहावा, पण तेवढ्यावर निवड करू नये. पाकिटावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो, तो किती तिखट आहे हे सांगत नाही. या शिक्क्याचेही तसेच आहे. गेममध्ये हिंसा, भीतिदायक दृश्ये, शिवीगाळ किंवा जुगार नाही, इतकीच त्याची हमी असते. तीन वर्षांच्या मुलाला तो खेळता येईल की नाही, हा विचार त्यात नसतो. 'ईए स्पोर्ट्स एफसी २४' हा फुटबॉलचा गेम पेगी या, गेम कोणत्या वयाला योग्य हे ठरवणाऱ्या युरोपातील संस्थेच्या वर्गवारीत ३ वर्षे या गटात मोडतो, आणि तो खेळायला दोन्ही हातांची बोटे स्वतंत्रपणे चालावी लागतात, पडद्यावरचा मजकूर वाचावा लागतो आणि क्षणार्धात निर्णय घ्यावे लागतात. अमेरिकेत हेच काम करणाऱ्या ईएसआरबी या संस्थेकडे पूर्वी अगदी लहान मुलांसाठी 'अर्ली चाइल्डहुड' असा वेगळा वर्ग होता, तोही २०१८ मध्ये बंद झाला. म्हणजे शिक्का जिथे संपतो तिथून पुढचे काम पालकांनाच करावे लागते.

त्या कामाची सुरुवात मुलीच्या हातापासून करावी. साडेतीन वर्षांचे मूल पडद्यावर बोटाने टिचकी मारू शकते आणि बोट सरकवू शकते. एखादी वस्तू बोटाखाली धरून दुसऱ्या जागी नेऊन सोडणे त्याला जमू लागलेले असते, पण मध्येच बोट उचलले जाते आणि वस्तू निसटते. चांगल्या गेममध्ये निसटलेली वस्तू तिथेच थांबते. वाईट गेममध्ये ती मूळ जागी परत जाते किंवा चूक झाल्याचा भोंगा वाजतो. पटापट दोनदा टिचकी मारणे, दोन बोटांनी चित्र मोठे करणे आणि टॅबलेट तिरका करून गोळी घरंगळवणे ही कामे या वयाला कठीण आहेत. शिवाय लहान मुलाचा तळहात नकळत पडद्यावर टेकतो. ज्या गेमला तोही स्पर्श वाटतो, त्यात काय बिघडले हे मुलाला कळत नाही आणि ते चिडते. अशा चिडण्याला पालक हट्ट म्हणतात, परंतु पुष्कळदा तो हाताच्या आणि गेमच्या न जुळण्याचा परिणाम असतो.

हेच कारण प्लेस्टेशनलाही लागू होते, म्हणून त्याविषयी फार लिहीत नाही. प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर सुमारे २८० ग्रॅमचा आहे, त्याच्या दोन काठ्यांपैकी एक पात्र चालवते आणि दुसरी कॅमेरा फिरवते, आणि ही दोन्ही कामे एकाच वेळी करण्याची क्षमता साधारणपणे शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या इयत्तेच्या सुमारास येते. काही कंपन्यांनी यावर मार्ग काढला आहे. निन्टेंडोच्या 'मारिओ कार्ट ८ डीलक्स'मध्ये गाडी आपोआप पुढे जाण्याची आणि रस्त्याबाहेर न पडण्याची सोय करता येते, त्यामुळे लहान मुलाला मोठ्यांबरोबर बसता येते. तरीही साडेतीन वर्षांच्या वयात प्लेस्टेशनची घाई करण्याचे काहीच कारण नाही. मावसभाऊ गोळीबाराचे किंवा मारामारीचे गेम खेळत असेल तर ती तिथे नसताना खेळावे, एवढे मात्र मावशीशी स्पष्ट बोलून ठरवा, कारण दहा वर्षांच्या मुलाला जे खोटे आहे हे कळते ते साडेतीन वर्षांच्या मुलीला कळत नाही. डोळ्यांवर चढवायचे व्हीआर उपकरण गंमत म्हणूनही तिला देऊ नये.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे गेम थांबतो कसा. मोफत मिळणाऱ्या बहुसंख्य गेमची कमाई मूल किती वेळ आत राहते यावर अवलंबून असते, आणि त्यामुळे त्यांची रचनाच बाहेर पडणे कठीण व्हावे अशी असते. एक कोडे सुटले की मध्ये श्वास घ्यायलाही जागा न ठेवता दुसरे आपोआप सुरू होते. चांदण्या, नाणी, फुगे यांचा वर्षाव होतो आणि आणखी एक चांदणी मिळाली की पेटी उघडेल असे दाखवले जाते. 'उद्या परत ये, बक्षीस आहे' असा निरोप येतो. एखादे पिल्लू बाहेर पडण्याच्या बटणाजवळ उभे राहून रडवेला चेहरा करते. मोठ्या माणसालाही ज्याचा मोह आवरत नाही, तिथे साडेतीन वर्षांच्या मुलीने स्वतःहून टॅबलेट खाली ठेवावा ही अपेक्षा अवाजवी आहे. या वयात मुलांना एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळणे मुळातच अवघड जाते. त्यात गेम 'अजून एक' म्हणत असताना आजी 'पुरे' म्हणतात, आणि मुलीच्या दृष्टीने आजी तिच्या अर्धवट कामाच्या मध्ये येतात. तिचे रडणे त्या अर्धवटपणाचे असते.

याउलट ज्या गेमला स्वतःचा शेवट आहे, तो सोडताना मूल शांत असते, हे मी माझ्या कामात सातत्याने पाहते. सहा तुकड्यांचे चित्रकोडे जुळले आणि पडदा स्थिर राहिला. चित्र रंगवून झाले. हत्तीला आंघोळ घालून, पुसून, झोपवले. खेळणी टोपलीत भरली. अशा ठिकाणी मुलाच्या मनातही काम पूर्ण झालेले असते. दुसरा चांगला प्रकार म्हणजे ज्यात जिंकणे-हरणेच नाही असा मोकळा खेळ: स्वयंपाकघर आहे, भांडी आहेत, भाजी चिरा, शिजवा, कोणाला तरी वाढा. मूल त्यात भातुकलीसारखेच रमते, आणि मोठ्या माणसाला 'चला, सगळ्यांना वाढून झाले, आता भांडी आवरू' असे म्हणून शेवट आणता येतो. ज्यात घड्याळ उलटे मोजते, 'जीव' संपतात, मागून कोणीतरी पाठलाग करते किंवा न संपणारा रस्ता धावत राहतो, असे गेम मी या वयाला देत नाही, मग त्यावरचा शिक्का काहीही असो.

म्हणून गेम मुलीला दाखवण्याआधी, ती झोपल्यावर, तो स्वतः वीस मिनिटे खेळा. या वीस मिनिटांत मन लावून तीन गोष्टी पाहा. आधी एक मिनिट काहीही करू नका. गेम शांत थांबून राहिला तर उत्तम. तो सारखा हाका मारू लागला, बाण नाचवू लागला, तर तो मुलीला विचार करायला वेळ देणार नाही. मग मुद्दाम चुका. चौकोन गोलाच्या जागी ठेवा, हत्तीला जोडे घाला. चुकीला गेम काही गमतीदार प्रतिसाद देतो का, निदान गप्प राहून पुन्हा करू देतो का, की लाल फुली आणि कर्कश आवाज करतो, ते पाहा. या वयाचे मूल जाणूनबुजून चुकीचे करून काय होते ते पाहत असते, आणि तेच त्याचे शिकणे असते. शेवटी मध्येच बाहेर पडून पाहा. किती बटणे लागली, कोणी रडले का, खरेदीचे पान समोर आले का, पुन्हा उघडल्यावर अर्धवट चित्र जिथे होते तिथेच सापडले का? हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे, कारण 'तुझे चित्र उद्या इथेच असेल' हे आश्वासन गेमने पाळले, तरच मुलगी पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवेल.

जाहिरातींचा विषय याच्याशीच जोडलेला आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची १३५ अ‍ॅप तपासली, तेव्हा ९५ टक्के अ‍ॅपमध्ये कोणत्या ना कोणत्या प्रकारची जाहिरात आढळली. त्यात खेळाच्या मध्येच येणारे व्हिडिओ होते, पैसे भरल्याशिवाय न उघडणारी खेळणी होती, आणि खरेदी केली नाही तर रडणारे पात्रही होते. या वयाच्या मुलाला खेळ कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली हे ओळखता येत नाही. जाहिरात बंद करण्याची बारीक फुली त्याच्या बोटाला सापडत नाही, आणि ते भलत्याच पानावर पोहोचते. पैशांचा धोकाही खरा आहे: मुलांनी आई-वडिलांच्या संमतीशिवाय केलेल्या अ‍ॅपमधील खरेदीपोटी अ‍ॅपल कंपनीला २०१४ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचे मान्य करावे लागले होते.

प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखालीच जाहिराती आहेत का आणि अ‍ॅपमधून खरेदी होते का, हे लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय डाउनलोडचे बटण दाबू नका. शक्य असेल तर एकदाच पैसे भरून जाहिरातमुक्त गेम घ्या. दहा मोफत गेमपेक्षा विकत घेतलेला एक चांगला गेम मुलीच्या अधिक उपयोगाचा ठरतो, आणि एकच गेम पुन्हा पुन्हा खेळणे या वयाला आवडतेही. टॅबलेटवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय करा आणि तुमचे कार्ड किंवा यूपीआय त्या खात्याला जोडलेले ठेवू नका. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप पिन करण्याची सोय आहे. ती वापरली की मूल त्या एका गेममधून दुसरीकडे जाऊ शकत नाही. आयपॅडवर हेच काम गाइडेड अ‍ॅक्सेस करते. गूगलचे फॅमिली लिंक वापरून तुम्ही कार्यालयात बसूनही टॅबलेटची वेळ ठरवू शकता. गेम एकदा उतरवून झाला की वाय-फाय बंद करून खेळू द्या, म्हणजे बहुतेक जाहिराती येतच नाहीत. इंटरनेटशिवाय उघडायलाच नकार देणारा गेम मी या वयासाठी सहसा बाद करते.

शैक्षणिक गेमच द्यावेत का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की 'शैक्षणिक' हा शब्द दुकानदाराने लावलेला आहे, आणि तो लावायला कोणाची परवानगी लागत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चार कसोट्या मांडल्या, त्या मला आजही उपयोगी वाटतात: मूल मनाने क्रियाशील आहे का, त्याचे लक्ष खेळाच्या गाभ्यावर टिकते का, त्याच्या जगण्याशी त्या खेळाचा संबंध आहे का, आणि त्यात दुसऱ्या माणसाशी देवाणघेवाण होते का. नुसत्या टिचक्यांनी ए-बी-सी म्हणवून घेणारे पुष्कळ गेम पहिल्याच कसोटीत अडखळतात, कारण मूल अक्षर ओळखत नसते, ते चमकणाऱ्या वस्तूवर बोट ठेवत असते.

तुमच्या घरी आणखी एक गोष्ट आहे. मुलगी मराठी बोलते, आणि गेम अमेरिकी उच्चारांच्या इंग्रजीत बोलतो. लहान मुले पडद्यावरून जे शिकतात त्यापेक्षा समोरच्या माणसाकडून ती कितीतरी अधिक शिकतात. साधारण तीन वर्षांपर्यंत हा फरक फार मोठा असतो आणि त्यानंतरही तो एकदम नाहीसा होत नाही. म्हणून मी शब्द नसलेले किंवा अगदी कमी शब्द असलेले गेम सुचवते आणि आवाज आजीचा असू द्या असे सांगते. आजींना गेम येण्याची काही गरज नाही. 'हा ससा कुठे निघाला गं?', 'आधी सोंड धुवायची की पाय?', 'अगं, याला थंडी वाजेल, पुसायला काहीतरी आण' असे त्या शेजारी बसून बोलत राहिल्या, तर त्या पंधरा मिनिटांत मुलीच्या कानावर जेवढी जिवंत मराठी पडेल तेवढी कोणताही गेम देऊ शकणार नाही. नंतर खरीखुरी आंघोळ घालताना 'हत्तीचे काय केले होते आपण?' असे विचारले की पडद्यावरची गोष्ट न्हाणीघरात येते. आजी-आजोबांपैकी कोणी शेजारी बसू शकत नसेल, तर त्या दिवशी गेम नसावा.

आता नावे. 'खान अकॅडमी किड्स' मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि तो दोन ते आठ वर्षांसाठी आहे. मात्र तो इंग्रजीत बोलतो आणि त्यात इतके काही आहे की मूल एकावरून दुसऱ्यावर उड्या मारते, त्यामुळे आत गेल्यावर कोणता खेळ खेळायचा हे मोठ्यांनी आधी ठरवावे. चित्र काढण्यासाठी 'टक्स पेंट' माझ्या फार आवडीचे आहे. ते २००२ पासून मोफत मिळते, त्यात जाहिरात नाही, आणि तीन वर्षांच्या मुलालाही शिक्के मारून, रेघा ओढून त्यात रमता येते. 'जीकॉम्प्री' हा दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचा मोफत संच आहे; त्यात साधी कोडी, रंग आणि आकार यांच्या पुष्कळ कृती आहेत, दिसायला तो इतरांइतका चकचकीत नाही, आणि मला ती त्याची जमेची बाजू वाटते. सागो मिनीचे खेळ आणि 'पोक पोक' हे मी वर सांगितलेल्या मोकळ्या प्रकारातले आहेत. त्यांना वर्गणी लागते, ती परवडत असेल तर घ्या. टोका बोकाचे स्वयंपाकाचे जुने खेळ चांगले आहेत, पण त्यांच्या 'टोका बोका वर्ल्ड'मध्ये नवी घरे आणि पात्रे विकत घेण्याचे दुकान आहे, म्हणून ते आता नको. 'स्क्रॅच ज्युनिअर' पाच वर्षांनंतरसाठी लक्षात ठेवा. यांपैकी एकच निवडा, वर सांगितल्याप्रमाणे स्वतः खेळून पाहा, आणि निदान महिनाभर दुसरा आणू नका.

इथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर: शिक्का पाहावा पण त्यावर थांबू नये, गेम मुलीच्या हाताला झेपणारा आणि स्वतःचा शेवट असलेला असावा, त्यात जाहिरात नसावी, आणि शेजारी मराठी बोलणारे माणूस असावे. आता राहिले ते रडणे.

टॅबलेटची वेळ आणि जागा ठरवून टाका. उदाहरणार्थ, दुपारच्या झोपेनंतर दूध पिऊन झाले की, बैठकीतल्या टेबलावर. जेवताना नको, कारण पडद्याकडे पाहत जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचे लक्षात येत नाही, आणि झोपण्यापूर्वीच्या तासाभरातही नको. टॅबलेट हातात न देता टेबलावर टेकवून ठेवला की मान सरळ राहते, डोळ्यांपासून अंतर राहते, आणि 'हिसकावून घेतला' असा प्रसंगही येत नाही. सुरू करण्याआधी शेवट सांगा, आणि तो मिनिटांत सांगू नका, कारण साडेतीन वर्षांच्या मुलाला दहा मिनिटे म्हणजे किती हे कळत नाही. 'दोन कोडी झाली की टॅबलेट आजोबांच्या कपाटात जाणार' हे तिला कळते. दुसरे कोडे सुरू होताना त्याची आठवण द्या. बंद करण्याचे बटण तिलाच दाबू द्या आणि कपाटापर्यंत तिलाच नेऊ द्या. त्यानंतरची गोष्ट तयार असावी, आणि ती हातांना काम देणारी असावी: कणकेचा गोळा, मटार सोलणे, पाण्याची बादली आणि दोन पेले, किंवा आजोबांबरोबर खाली उतरणे. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये खाली उतरणे दिवसेंदिवस जमत नाही, आणि अनेक सोसायट्यांच्या आवारात गाड्यांमुळे खेळायला जागाही नसते, हे मला ठाऊक आहे. अशा दिवसांत स्क्रीनचा वेळ हळूहळू वाढतो, म्हणून पावसाळ्यासाठी घरातल्या घरात उड्या मारणे, गाद्यांचा डोंगर, जिन्यावर चढउतार असे काहीतरी आधीच ठरवलेले असावे.

एवढे करूनही ती सुरुवातीला रडेल. रडल्यावर टॅबलेट कधी मिळतो आणि कधी मिळत नाही, अशी स्थिती असेल तर रडणे सर्वांत चिवट होते, कारण मुलगी 'आज कदाचित मिळेल' म्हणून जास्त वेळ प्रयत्न करते. नियम ठाम झाल्यावर पहिले काही दिवस रडणे कमी होण्याऐवजी वाढते आणि मग उतरते. हे आजींना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या तिसऱ्या दिवशी घाबरणार नाहीत. त्यांनी तिला रागवायचे नाही, समजावून व्याख्यान द्यायचे नाही, शेजारी बसायचे, 'तुला अजून खेळायचे होते, हो ना' एवढे म्हणायचे आणि टॅबलेट मात्र कपाटातच ठेवायचा. आजींना दोष देऊन हे होणार नाही. दिवसभर मूल सांभाळणाऱ्या साठी-सत्तरीच्या बाईला त्या वीस मिनिटांत पाठ टेकायची असते, आणि ती गरज खरी आहे. त्यांच्या विश्रांतीची दुसरी सोय तुम्ही दोघांनी आणि आजोबांनी मिळून लावली, तरच हा नियम टिकेल. शनिवार-रविवारी तुम्हीही तोच नियम पाळा; सुट्टीच्या दिवशी तुमच्या हातून सुटलेला नियम सोमवारी आजींकडून पाळला जाणार नाही.

तीन-चार आठवडे हे सगळे नीट करूनही टॅबलेटशिवाय तिला कशातच रस वाटत नसेल, नावाने हाक मारल्यावर ती वळून पाहत नसेल, दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलत नसेल किंवा इतर मुलांकडे तिचे लक्षच जात नसेल, तर सगळा दोष गेमवर टाकून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवून तिच्या विकासाची तपासणी करून घ्या. त्यासाठी महागडे खासगी केंद्रच गाठायला हवे असे नाही. परळच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये ऑक्युपेशनल थेरपीचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले, आणि तिथे, तसेच शीव आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांतही, हा विभाग आहे. जाताना मुलीच्या आवडीचे एखादे खेळणे सोबत न्या, ती घरी कशी खेळते याचा एक छोटा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन ठेवा, आणि दिवसभर तिच्याबरोबर असणाऱ्या आजींनाही बरोबर न्या, कारण डॉक्टर जे प्रश्न विचारतील त्यांपैकी बहुतेकांची उत्तरे त्यांनाच ठाऊक असतील.